अकोल्याची वीस मिनिटं

अमरावतीहून अकोला म्हणजे रिकाम्या बैलगाडीला दोन दिवस, कापूस भरलेला असला तर तीन. हा हिशेब मला कोणी शिकवला नाही. शाळा दुसरीतच सुटली. पण त्या सडकेचं वळण न् वळण, पूल न् पूल मला पाठ होता.

तेव्हा विमानं नवलाची होती. माझा धाकटा भाऊ शिकून सरकारी नोकरीत लागलेला. त्याचं पत्र आलं, गुरुजींनी वाचून दाखवलं. नागपूरहून विमानानं मुंबईला, तिथून बोटीनं परदेशी, दोन वर्षांसाठी. घरी यायला सवड नाही. ‘मागच्या खेपेला विमानातून आपली चुना लावलेली विहीर ओळखू आली होती. सोमवारी सकाळी मायले विहिरीपाशी उभी ठेवजा. अमरावतीच्या अंगानं आलो की वीस मिनिटांत अकोल्याच्या पुढे निघून जातो.’

“वीस मिनिटांत बैल पाणी पिऊन होत नाहीत,” मी म्हटलं.

मागच्या दिवाळीत विमानाच्या गोष्टी निघाल्या, तेव्हा चारचौघांत तो मला म्हणाला होता, “दादा, तुमाले काय समजते त्यातलं?” ते माझ्या मनातून गेलं नव्हतं.

मी मायला सांगितलं, “विहिरीवर कायले? अकोल्याचा रस्ता बडनेऱ्यावरून जाते. विमान का वावरावावरातून जाईन? सडकेवर चाल.”

“पण त्यानं विहीर लिवली ना बाप्पा.”

“तो किती डाव गेला अकोल्याले? मी किती डाव गेलो?”

 आमच्याकडे दूर जाणाऱ्याच्या हातावर दही ठेवल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. सोमवारी मायनं वाटीत दही घेतलं, वर फडकं बांधलं आणि गाडीत बसली. बडनेऱ्याच्या पुढे सडकेच्या कडेला, बाभळीखाली आम्ही उभे राहिलो. ऊन चढलं. माय वर पाहून पाहून डोळे पुसत होती.

आवाज आला तो पाठीमागून. वळून पाहिलं, तर दूर आमच्या गावाकडच्या आभाळात काहीतरी चमकलं. बैलांनी मान फिरवेपर्यंत नाहीसंही झालं.

“गेला काय रे?” मायनं विचारलं.

मी जू नीट करत राहिलो. तिनं फडकं सोडलं, दही माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, “खाय. वाया कावून जाऊ द्याचं?”



महिन्याभरानं बोटीवरून टाकलेलं पत्र आलं. ‘विहीर साफ दिसली. तिथं कोणीच नव्हतं. दादा अजून रागात आहेत काय? मायले येऊ दिलं नाही काय?’

गुरुजी वाचायचे थांबले. माझ्याकडे पाहायला लागले. माय मात्र लगेच म्हणाली, “लिवा गुरुजी. आमी दोघं बी होतो. विहिरीवरच्या निंबाच्या सावलीत उभे होतो, म्हणून दिसलो नसन. दादा सकायपासून येऊन बसला होता.”

गुरुजी लिहीत गेले. मी खाली मान घालून बसलो होतो. 

“तुमाले काही लिवाचं आहे काय?” गुरुजींनी विचारलं.

“लिवा,” मी म्हटलं. “अकोल्याची वीस मिनिटं बरोबर हायेत.”