आत्तीचं कायमचं शेड

आमच्या आत्तीनं जन्मात कुणाची परवानगी घेतली नाही. लुना शिकली ती नवऱ्याला न सांगता, शिवणक्लास काढला तो सासूला न विचारता. नवरा गेल्यावर भाऊ न्यायला आले, तर ‘क्लास काय तुमच्या दारात बांधू व्हय?’ म्हणून त्यांनाच चहा पाजून शिरोळच्या एसटीत बसवून दिलं. त्या भावांतले एक माझे वडील. घरी येऊन आईला म्हणाले, ‘तिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.’ अशा बाईनं एकदाच परवानगी मागितली, तीही परसातल्या शेडसाठी, आणि त्यापायी अख्खी गल्ली तिच्यावर रुसली.

तिचं घर कोल्हापुरात, राजारामपुरीच्या मागच्या अंगाला. मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आले तेव्हा नव्वदीची सुरुवात होती. पुढच्या खोलीत क्लास चालायचा. गळ्यात टेप सदा लोंबत असायची, लग्नाला गेली तरी काढायची विसरायची. आम्ही पोरी तिला बाई म्हणत नव्हतो, आत्तीच म्हणायचो. तिचा लाडका शब्द ‘उसव’. टाका वाकडा गेला, उसव. बाही ओढली, उसव. एखादी रडकुंडीला येऊन म्हणायची, ‘आत्ती, दिसत न्हाय की ते.’ त्यावर आत्ती म्हणायची, ‘तुला दिसलंय न्हवं? मग झालं. उसव.’

तिचा सगळ्यात जास्त राग कच्च्या टाक्यावर. कच्चा टाका म्हणजे पक्की शिलाई मारण्याआधी कापड जागेवर राहावं म्हणून घातलेला दोरा. तो काढायचाच असतो. पण एका पोरीनं घाईत कच्च्या टाक्यावरच ब्लाऊज नेऊन दिला आणि तो ऐन हळदीत उसवला. आत्ती स्वतः त्या घरी जाऊन रात्रीत ब्लाऊज शिवून आली. पोरीला रागावली नाही, एवढंच म्हणाली, ‘तात्पुरतं म्हणून घातलेलं लोक तसंच ठेवत्यात गं.’ तेव्हा मला वाटलं, ती शिवणाबद्दलच बोलतेय.

मग सतीशचं, म्हणजे तिच्या एकुलत्या एका मुलाचं, लग्न ठरलं. सून येणार म्हटल्यावर पुढची खोली रिकामी करणं आलंच. आता परसात शेड घालून क्लास तिकडे न्यायचा, नाहीतर बंद करायचा. तिसरा मार्ग नव्हता. सतीश म्हणाला, ‘चार पायपा आणि पत्रं. रविवारी उभं करतो. कोण बघतंय?’ खरंच कोण बघत नव्हतं. गल्लीत प्रत्येकाच्या मागे असं एकेक शेड होतंच, शेजारच्या अण्णांचं तर कंपाउंडच्याही बाहेर डोकावत होतं. आत्ती म्हणाली, ‘आधी परवानगी.’ अण्णा भिंतीपलीकडून ऐकत होते. ते म्हणाले, ‘शेडला कोण परवानगी काढतंय व्हय? तुझ्यापायी साहेब गल्लीत आला तर आमची सगळ्यांची पत्रं निघतील.’

महापालिकेच्या ऑफिसला मी तिच्याबरोबर गेले होते. तिथले साहेब भले होते. आमचे कागद बघून म्हणाले, ‘मावशी, पत्र्याचंच आहे ना? तात्पुरतं शेड म्हणून अर्ज द्या. पटकन होईल. दरवर्षी मुदत वाढवून घेत जा.’ मी मनात म्हटलं, सुटलो. आत्ती म्हणाली, ‘तात्पुरतं न्हाय.’ साहेबांना वाटलं, तिला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, ‘कळलं की. पण तात्पुरतं न्हाय.’ मागे रांगेतले लोक चुळबुळ करायला लागले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘साहेब,’ ती म्हणाली, ‘मी ल्हान असताना कृष्णेच्या पुरात आमचं घर गेलं. आमाला तात्पुरतं शेड मिळालं. त्याच शेडात मी शाळा शिकली, त्याच शेडातनं माझं लगीन झालं. माझा बा त्या शेडातच गेला. आता माझ्या पोरींना पुन्यांदा तात्पुरत्यात बसवायचं न्हाय.’ साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग मला म्हणाले, ‘बसा, काय काय लागतं ते लिहून घ्या.’ लागणारं पुष्कळ होतं. इंजिनिअरचा नकाशा, दगडाचं जोतं, विटांच्या भिंती, चारी बाजूंनी सोडायची जागा, आणि आधी जागेची पाहणी. आत्ती प्रत्येकाला ‘चालंल’ म्हणत गेली. घरी येताना लुनावर मी तिच्या मागे बसले होते. हा पूर, हे शेड, माझे वडीलही तिथंच वाढले. पण आमच्या घरात कुणी हे कधी बोललं नव्हतं.

पाहणीच्या दिवशी गल्लीत जेवढं धुणं वाळत पडलं तेवढं दिवाळीतही पडत नसेल. पत्रा दिसू नये म्हणून लोकांनी साड्या, चादरी, सतरंज्या, काय हाताला लागेल ते लटकवलं होतं. ओव्हरसिअर आले, इकडेतिकडे बघून म्हणाले, ‘मी फक्त अर्ज आलाय तेवढंच बघतो बरं का.’ हे ते आत्तीला सांगत होते की चादरींना, कोण जाणे. अण्णांनी पलीकडे मोठ्यांदा श्वास सोडला. ओव्हरसिअर टेप लावून परस मोजू लागले, आणि आत्ती गळ्यातली टेप काढून त्यांच्या मागोमाग.

मापं घेता घेता ते थांबले. ‘ही न्हाणी नकाशात नाही.’

आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. परवानगीच्या नादात आत्तीनं आपल्याच घरातली चोरी साहेबांना बोलावून दाखवली होती. तिनं एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. ‘नसणारच की. आमच्या मालकानं बांधल्याली, न इचारता.’ ओव्हरसिअर म्हणाले, ‘ही राहिली तर शेडला जागा सुटत नाही.’ आत्तीनं न्हाणीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, ‘मग उसवू.’

सतीश फार चिडला. वडिलांनी स्वतःच्या हातानं रचलेल्या विटा होत्या त्या. आत्ती म्हणाली, ‘तुझा बा माझ्या ध्यानात हाय रं, न्हाणीत न्हाय.’ पण पाडताना ती परसात आली नाही, चुलीपुढं बसून राहिली. पुढं नवी न्हाणी होईपर्यंत आम्ही अंघोळीला अण्णांकडे जात होतो. रुसले होते तरी पाणी तेच तापवून ठेवायचे.

परवानगी यायच्या आधी लग्नाची तारीख आली. पुढची खोली सुनेला दिली, मशिनी झाकून माडीवर ठेवल्या आणि क्लास बाहेरच्या कट्ट्यावर आला. कट्ट्यावर हातशिलाईपलीकडे काय शिकवणार? काही पोरी दुसऱ्या क्लासला गेल्या. सतीश पुन्हा म्हणाला, ‘अजून पत्रं टाकूया, आई.’ तिनं नाही म्हणून मान हलवली. त्या संध्याकाळी मोकळ्या कट्ट्यावर ती माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, ‘पोरी एकदा गेल्या की येत न्हाईत गं. माझं चुकलं का काय?’ आत्तीला घाबरलेली मी तेवढीच एकदा पाहिली. मी म्हटलं, ‘उसवायचं न्हाय आता.’ ती खुदकन हसली.

परवानगी आली. जोतं झालं, ते तपासून ओव्हरसिअर ‘ठीक आहे’ म्हणून गेले, आणि आत्ती चप्पल काढून त्या जोत्यावर उभी राहिली. नुसती उभी. खालचा दगड पायानं चाचपत होती. मला त्या घडीला तिचा इतका अभिमान वाटला की पदवीच्या दिवशी माझा मलाही वाटला नाही. उद्घाटनाला बुद्धवंदना झाली, गल्लीला भेळ आणि चहा झाला. गेलेल्या पोरींतल्या निम्म्याअधिक परत आल्या. आणि थोड्या दिवसांनी अण्णा हळूच दारात येऊन विचारते झाले, ‘आत्ती, त्या इंजिनिअरचं घर कुठं म्हणालीस?’

त्या शेडात आत्तीनं पुढं कितीतरी वर्षं पोरी घडवल्या. कुणी पेठ वडगावात दुकान काढलं, कुणी घरच्या घरी मशिन घातलं. मी लग्नानंतर कोल्हापुरातच राहिले, नोकरी सांभाळून शनिवारी क्लासला हात लावायला जात असे. ती गेली ती झोपेतच, कुणाला न विचारता.

कार्य झाल्यावर पाहुणे पांगले आणि मी परसात गेले. शेडच्या दाराला सतीशनं पाटी लावली होती. बिचाऱ्यानं खडूनं नीट अक्षरात लिहिलं होतं: ‘क्लास तात्पुरता बंद.’ मी ती पाटी वाचली. मग पदरानं पुसली, कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या आणि मशिनीवरची फडकी बाजूला केली. आत्तीची टेप खुंटीला होती, ती गळ्यात घातली.

कंपाउंडशी दोन पोरी घुटमळत होत्या. त्यांतली एक भीतभीत म्हणाली, ‘ताई, क्लास हाय?’

‘हाय की,’ मी म्हटलं. ‘कायमचा हाय.’