हैज्याची इत्तिला नाही

यांना हैदराबादच्या कायदे कौन्सिलात वकिलांच्या मतांवर जागा मिळाली, त्या दिवशी हिंगोलीच्या आमच्या गल्लीत पेढे वाटले. मी मात्र माझा पेढा तसाच ठेवला. माझ्या माहेरी एक चुलतमामा सरकारविरुद्ध काही बोलले म्हणून पोलीस त्यांना घेऊन गेले होते. ते परत आले तेव्हा कुणाशी बोलायचेच बंद झाले होते. मी तेव्हा लहान होते, पण त्यांचं ते भिंतीकडे तोंड करून बसणं माझ्या मनातून कधी गेलं नाही.

कौन्सिलात बहुतेक माणसं सरकारनेच नेमलेली. निवडून आलेले थोडे, आणि त्यातले उठून सवाल विचारणारे त्याहून थोडे. हे त्यांच्यातले. यांचे सवाल नेहमी दवाखान्यांचे, पाण्याचे, देवी टोचणाऱ्यांचे. मी एकदा म्हटलं, "दुसरं काही विचारा की. रस्त्याचं विचारा, शाळेचं विचारा."

"रस्त्याचं विचारणारे पुष्कळ आहेत," हे म्हणाले. "औषधावाचून मेलेला माणूस तक्रार करायला येत नाही. त्याचं कोण विचारणार?"

हे धीट होते असं लोक समजत. मी जवळून पाहिलं आहे. हैदराबादला निघायच्या आधी हे ओसरीवर येरझारा घालत उर्दूत सवाल घोळवीत. उर्दू यांची उत्तम होती, तरी शब्द अडखळत. मी विचारलं तर म्हणायचे, "भीती वाटते. पण एकदा उभा राहिलो की मग बोलल्यावाचून खाली बसायचीही लाज वाटते."

जर्मनीच्या लढाईच्या वर्षांतली गोष्ट. उन्हाळा संपत आला होता. कळमनुरीच्या पलीकडच्या एका तांड्यावरची म्हातारी बाजाराच्या दिवशी आमच्याकडे डिंक आणि मध घेऊन यायची. मी तिला डिंकवाली मावशी म्हणायची. त्या दिवशी ती आली ती रिकाम्या हाताने. अंगणातही आली नाही, फाटकापाशीच उभी राहिली.

"आत ये की," मी म्हटलं.

"न्हाई बाई. आमच्यात मरण सुरू हाय. तुमच्या घरात लेकरं हायेत."

तिच्या तांड्यावर आणि खालच्या गावात उलट्या-जुलाबाने माणसं मरत होती. जवळच्या सरकारी दवाखान्याला कुलूप होतं. गावच्या पोलीस पाटलाने सांगितलं होतं, की विचारलं तर ताप आला म्हणायचं. पटकीचं नाव घेतलं तर गाव बंद करतील, बाजार बंद होईल.

"वकीलसाबला सांगा," ती म्हणाली. "पण मी सांगितलं म्हणून सांगू नका."

माझी आई पटकीनेच गेली होती. सकाळी दळण दळत होती आणि दिवस मावळायच्या आत तिचा चेहरा मला ओळखू येईनासा झाला होता.

हे स्वतः जायला निघाले. तांड्यावरच्या बायका परक्या पुरुषापुढे तोंड उघडायच्या नाहीत, म्हणून मलाही चल म्हणाले. मी नको म्हणाले. लेकरांची शपथ घातली. हे दमणीपाशी जाऊन बैलांच्या मानेवरून हात फिरवत उभे राहिले. शेवटी लेकरांना जाऊबाईंच्या हवाली करून मी दमणीत बसले. वाटभर पदर नाकाला लावून बसले होते, जसा काही त्या पदराने पटकी अडणार होती.

वाटेत तो दवाखाना लागला. दाराला कुलूप, आणि पायरीवर कंपौंडर बसलेला.

"डॉक्टरसाब दौऱ्यावर हायेत," तो म्हणाला.

"कुठं?"

"ते आमाला सांगत न्हाईत."

"औषध?"

त्याने कुलपाकडे बोट दाखवलं. किल्लीही दौऱ्यावर होती.

तांडा टेकडीच्या कुशीत होता. कुत्री भुंकली नाहीत. लेकरं बाहेर दिसली नाहीत. हे तांड्याच्या नायकाशी बोलत झाडाखाली थांबले आणि डिंकवाली मावशी मला झोपडीत घेऊन गेली. आत तिची नात होती, सात-आठ वर्षांची असेल. डोळे खोल गेलेले, पिंढऱ्यांत गोळे येत होते आणि ती ओरडायलाही थकली होती. तिची आई आदल्या दिवशी गेली होती. मी दारातच उभी राहिले. पाय आत जाईनात. पोरीने माझ्याकडे पाहून ओठ हलवले, पाणी मागत होती. मग मी खाली बसले. पाणी उकळायला लावलं, त्यात मीठ घालून, लिंबू पिळून, थंड करून चमच्याने पाजत राहिले. ते तिच्या पोटात ठरत नव्हतं. उन्हं कलली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर जड झालं. मावशीने तिला उचलून घेतलं आणि मला म्हणाली, "बाई, हात धुवा. राखेनं धुवा."

घरी येऊन मी लेकरांना जवळ घेतलं नाही. पुढचे कितीतरी दिवस मी माझ्याच अंगाला भीत होते.

हे हैदराबादला गेले. पूर्ण्याला गाडी बदलून जावं लागे. आले ते उतरलेला चेहरा घेऊन. मी ताट वाढलं, तर हे पानाकडे बघत म्हणाले, "मी विचारलं, त्या भागात हैज्याने किती माणसं मेली आणि दवाखान्याला कुलूप का. उत्तर आलं, त्या इलाख्यात हैज्याची इत्तिला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खबर नाही. सरकारपाशी खबर नाही, म्हणजे पटकी नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, ज्याने खबर द्यायची तोच कुलूप लावून गेला आहे. आणि तिथं ओढ्याकाठी जळत आहेत ती माणसं कशाने मेली, तेवढं तरी सांगा. सगळे हसले. मग एकजण म्हणाला, वकीलसाहेब, सबूत काय? मी म्हणालो, चौकशी अधिकारी पाठवा, सबूत देतो."

ते ऐकून माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. सबूत म्हणजे कोण, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतर आमच्या घरासमोरच्या लिंबाखाली एक माणूस येऊन बसू लागला. साध्या कपड्यांत, पण बूट पोलिसाचे. तो काही करत नसे. शेंगा खात बसे आणि कोण येतं-जातं ते बघे. पक्षकार मागच्या दाराने येऊ लागले, मग तेही येईनात. शेजारची बाई माझ्याशी आडावर बोलायची थांबली. मी दारात पाऊल वाजलं की दचके. यांच्या बाहेरच्या चपला जागेवर दिसल्या की मगच माझ्या जिवात जीव येई.

अधिकारी खरंच आला. हैदराबादचा, पिकलेल्या दाढीचा, थकलेला माणूस. तांड्याखालच्या गावाबाहेर आमराईत टेबल-खुर्ची मांडली होती. शेजारी तहसीलदार, मुनशी, पोलीस ठाण्याचा अमीन आणि त्याचे जवान. गावकरी उन्हात बसवले होते. मी बायकांत बसले. हे एकटेच उभे होते.

एकेकाला पुढे बोलावत. "कशानं मेला तुझा भाऊ?" "तापानं जी." "तुझी बायको?" "तापानं." बोलताना प्रत्येकजण अमीनकडे बघे. यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत होता.

डिंकवाली मावशीचं नाव पुकारलं. ती उठली. तिच्या लेकाला आदल्या दिवशी चावडीवर नेऊन बसवलं होतं, हे मला बाजूला बसलेल्या बाईने कानात सांगितलं. मावशी टेबलापुढे उभी राहिली आणि जमिनीकडे बघत राहिली. अधिकाऱ्याने दोनदा विचारलं. ती काही बोलली नाही. तापही म्हणाली नाही.

"बस, झालं," तहसीलदार म्हणाला. मग यांच्याकडे वळून हसला, "और कोई, वकीलसाब?"

मी कशी उठले ते मला सांगता येणार नाही. आंब्याच्या बुंध्याला हात लावूनच उभी राहिले. आमच्या घरातली बाई परक्या पुरुषांपुढे कधी बोलली नव्हती. हे माझ्याकडे बघत मान हलवत होते, नको म्हणून.

"मी पाहिलंय," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मुनशीने पुन्हा सांगायला लावलं.

"तुम्ही कोण?"

"त्यांच्या घरातून."

"काय पाहिलं?"

मी सांगितलं. पोरीचे डोळे, पेजेच्या पाण्यासारखे जुलाब, पिंढऱ्यांतले गोळे. कुलूप. पायरीवरचा कंपौंडर. कुणाच्या घरात, ते सांगितलं नाही.

"हैजाच होता, कशावरून?" अधिकाऱ्याने विचारलं.

"माझी आई त्यानंच गेली, साहेब."

मुनशीने उर्दूत सांगितलं. अधिकारी बराच वेळ माझ्याकडे न बघता टेबलावर बोट फिरवत राहिला. अमीन मात्र बघत होता, सरळ माझ्याकडे. त्याची ती नजर मी पुढे पुष्कळदा पाहिली, डोळे मिटल्यावर. शेवटी अधिकारी मुनशीला म्हणाला, "लिखो." आणि पाणी मागितलं. गावातलं पाणी पुढे आलं तेव्हा त्याने ते प्यायलं नाही, ओतून टाकलं. ते सगळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर दवाखान्यात दुसरा डॉक्टर आला. विहिरीत लाल दवा पडली. टोचणारे तांड्यावर गेले. पहिल्या डॉक्टरची बदली झाली, एवढंच. हे पुन्हा कौन्सिलात उभे राहिले आणि विचारलं, की जी माणसं गेली त्यांचा जबाब कोण देणार. त्या सवालाला परवानगी मिळाली नाही. थोड्याच दिवसांत यांची वकिलीची सनद थांबवली, आणि मग काही महिने यांना तुरुंगात ठेवलं. कारण दुसरंच दाखवलं होतं. यांना नेताना अमीन तोच होता. दारात मला म्हणाला, "बाई, बहोत बोलते तुम लोग." मी लेकरांना मागे ओढलं आणि दार लावून घेतलं.

सुटून आले तेव्हा मी आधी यांना बोलतं केलं. चुलतमामा आठवत होते, माझी पहिली भीती तीच होती. हे बोलत होते, खोकत होते, पण बोलत होते. मी चुलीपाशी जाऊन रडले.

पुढे रियासतीचे शेवटचे महिने आले. खांद्यावर बंदुका टाकलेल्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. ज्यांनी कधी तोंड उघडलं होतं त्यांची घरं आधी शोधली जात. आम्ही कनेरगावावरून हद्द ओलांडून वाशीमला गेलो. बैलगाडीत वर कडबा, खाली लेकरं. नाक्यावर शिपायाने कडब्यात काठी खुपसली. धाकटं पोरगं रडलं नाही. मोठीने त्याच्या तोंडावर हात दाबून धरला होता, तिची बोटं त्याच्या गालावर उठली होती.

सप्टेंबरात राज्य बदललं आणि आम्ही परत आलो. घर लुटलेलं होतं, पण उभं होतं. नवे अधिकारी आले. लोक यांना हार घालायला आले, मलाही नमस्कार करू लागले. महिना झाला नसेल, हे नव्या कलेक्टरच्या कचेरीत जाऊन उभे राहिले, की सेनगावाकडे देवीची साथ आहे आणि लस कुठं आहे.

मी म्हटलं, "आता तरी थांबा. आता तर आपलंच सरकार आहे."

"मग तर उत्तर द्यायलाच पाहिजे त्यांनी," हे म्हणाले आणि चपला घालू लागले.

मी दारापर्यंत गेले. समोर कोणी बसलेलं नव्हतं. तरी हे गल्लीच्या वळणापार जाईपर्यंत मी तिथंच उभी राहिले, आणि दुपारी हे परत येईपर्यंत मला काम सुचलं नाही.