काळ्या दोराचा झोका

आमच्या मावशीच्या यजमानांइतका स्वप्नात राहणारा माणूस अख्ख्या भांडगावात दुसरा झाला नाही. काका पाटसच्या बाजूला प्लास्टिकचे दोर करणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर होते. दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांनी पेपरात वाचलं, की पेन्सिलीतल्या शिशाचा एका अणूइतका पातळ पापुद्रा सुटला तर त्याला ग्राफीन म्हणतात आणि ते चिवटपणात पोलादालाही ऐकत नाही. झालं. तेव्हापासून काका चिकटपट्टीनं शिसं सोलत बसले. सोललेलं पुन्हा सोलायचे. कडीकोयंड्यावर, देवघरातल्या घंटीवर, मावशीच्या पातळावर त्यांच्या काळ्या बोटांचे ठसे. एकदा चहा द्यायला आलेल्या मावशीपुढं त्यांनी पट्टी धरली. "अगं, यावर पापुद्रा दिसतुया का तुला?" मावशी म्हणाली, "न्हाई." काका हरखून म्हणाले, "मंजी जमलं."

मग ते पापुद्रे कारखान्यातल्या प्लास्टिकच्या दाण्यांत घालून मावशीच्या शेगडीवर वितळवायचे, काडीनं त्याची तार उचलायची आणि डोळे अर्धवट मिटून अंगणभर उलटं चालत जायचं. कोंबड्या वाट सोडायच्या. फाटकाशी पोहोचेपर्यंत हातात केसाएवढा काळा धागा असायचा आणि चेहऱ्यावर असं सुख, की हाक मारायचा धीर होत नसे. मावशी कुरकुरत त्या धाग्यांची वेणी घालायची.

शेवटी दूध तापवायचे वांधे झाले तेव्हा तिनं निर्वाणीचं सांगितलं, "पंचमीचा झोका ह्याच दोराचा बांधा. तुटला तर शेगडी माझी, आन् हे खूळ बंद."

नागपंचमीला काकांनी दारच्या लिंबाला झोका बांधला. आळीतल्या बाया जमल्या. मावशी बसली, दोन झोके झाले. दोर तुटला नाही, नुसता लांबत गेला. बोलता बोलता मावशी हळूहळू खाली आली आणि अलगद मातीवर टेकली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पडेल चेहऱ्यानं काका चाकू घेऊन आले. कुठं चुकलं ते बघायला त्यांना तुकडा हवा होता.

मावशी तशीच जमिनीवर बसून म्हणाली, "आज पंचमी हाय. चिरायचं-कापायचं न्हाई." मग दोर चाचपत, "तुटला न्हाई न्हवं? ऱ्हाऊ द्या मग शेगडी."

काकांचा धागा पुढंही लांबतच राहिला. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, मला अजून त्यांची आठवण येते. यंदा चैत्रात गेलो तर तो दोर लिंबावरच, गाठ फांदीत रुतलेली. कापून काढू का, असं मी विचारलं.

मावशीनं वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "नगं. आज पंचमी हाय."