दोह्याच्या वाळूत आईचे पोपट

मुंबईच्या विमानतळावर आमची बॅग उघडावी लागली ती सुक्या खोबऱ्यामुळे. सुकं खोबरं पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानात चालत नाही, असं तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं. माझी बायको सुनंदा तितक्याच शांतपणे म्हणाली, "आमच्या फडताळात वर्षानुवर्षं असतं. अजून पेटलं नाही." खोबरं मुंबईत राहिलं. बॅगेत झालेल्या मोकळ्या जागेत लोणच्याची बरणी सरकवली गेली आणि ती फुटू नये म्हणून हाताला आलेल्या मऊ कापडात गुंडाळली गेली. हे मला दोह्यात कळलं.

आम्ही माझ्या भाचीच्या, रेवाच्या लग्नाला निघालो होतो. रेवाचे वडील प्रकाशराव मेसईदच्या खत कारखान्यात इंजिनियर आहेत. ती वाढली दोह्यात, तिच्या मैत्रिणी तिथल्या, नवरामुलगाही तिथलाच, म्हणून लग्नही तिथे. समुद्रकाठच्या हॉटेलात एका इव्हेंट कंपनीने सगळं ठरवलं होतं. नवरीची एन्ट्री, नवऱ्याची एन्ट्री, वडिलांची एन्ट्री, प्रत्येकीला वेगळं संगीत आणि यंत्रातून सोडलेला धूर. घरात धूर झाला की आपण खिडक्या उघडतो. तिथे त्याचे पैसे देतात.

रेवाने मात्र माझ्याकडे फोनवर एकच गोष्ट मागितली होती. "मामा, बाकी सगळं इव्हेंटवाल्यांचं आहे. आजीचा अंतरपाट तेवढा आण, प्लीज. तो एकच आपला आहे."

हा अंतरपाट माझ्या आईने स्वतःच्या लग्नाआधी भरला. पांढऱ्या कापडावर तांबड्या दोऱ्याने काढलेले, समोरासमोर बसलेले दोन पोपट. ते कावळे आहेत असं माझे वडील आयुष्यभर म्हणत आले. रेवाची आई विद्या आणि मी, दोघांचीही लग्नं त्याच कापडाआड लागली. आईला आता गुडघ्यांमुळे विमान झेपत नाही. ती नाशिकहून व्हिडिओ कॉलवर लग्न बघणार होती आणि निघताना तिने बजावलं होतं, "मला माणसं नीट दिसली नाहीत तरी चालेल. पोपट दिसले म्हणजे लग्न लागलं असं मी समजेन."

दोहा पहिल्यांदा दिसतं ते नुकतंच खोक्यातून काढल्यासारखं. खाडीकाठी काचेचे मनोरे, प्रत्येकाला दुसऱ्याहून वेगळं दिसायची घाई. पण त्यांच्या पुढ्यात पाण्यावर धाऊ (लाकडी गलबतं) डुलत असतात आणि त्यांना कोणाहून वेगळं दिसायचं नसतं. लग्नाला जाणाऱ्यांनी संध्याकाळी त्यातल्या एकात जरूर बसावं. शाल न्यावी. ती वाऱ्यासाठी नाही, नंतर मॉलमध्ये शिरल्यावर लागते. वाळवंटात मला थंडी वाजली ती फक्त छपराखाली.

मदिनत खलीफामधल्या विद्याच्या घरी बॅग उघडली आणि घरभर हिंगमेथीचा वास सुटला. बरणी फुटली नव्हती, झाकणातून झिरपली होती. पोपट तेलात बसले होते. विद्या कपाळाला हात लावून म्हणाली, "वहिनी, अगं, अंतरपाटात लोणचं?"

"पिशवीतलं मऊ कापड दिसलं, घेतलं," सुनंदा म्हणाली. "त्यावर लिहिलंय का अंतरपाट म्हणून?"

कोपऱ्यावर शफीकची लाँड्री आहे. कतारी पुरुषांचे पांढरे झगे आणि डोक्यावरचे गुत्रे (पांढरे चौकोनी रुमाल) तिथे असे निघतात की हात लावायची भीती वाटावी. त्याने कापड उलगडलं, हुंगलं आणि विचारलं, "साब, ये गुत्रा है?" अंतरपाट म्हणजे काय हे हिंदीत सांगायला मी तोंड उघडलं, मागे गिऱ्हाइकांची रांग बघितली आणि म्हणालो, "वैसाही समझो." जाताना मी शुक्रनही (अरबीतलं धन्यवाद) म्हणालो. परदेशात दोन दिवसांत आपण चांगले रुळलो, असं तेव्हा वाटलं होतं.

पुढचे दिवस मजेत गेले. सूक वाकिफमध्ये (जुन्या धाटणीच्या बाजारात) ससाण्यांची दुकानं आहेत आणि त्यांच्यासाठी दवाखानाही. तिथल्या बाकावर एक गृहस्थ ससाण्याला मनगटावर घेऊन नंबर यायची वाट बघत होते. दोघांच्याही चेहऱ्यावर डॉक्टर उशीर करतात याचा सारखाच वैताग. कडक चहा तिथे करक या नावाने मिळतो. गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न वाजवायचा, चहा खिडकीशी येतो. सुनंदाने हॉर्न वाजवण्याचं काम आपल्याकडे घेतलं आणि लागोपाठ तीन टपऱ्यांवर इमानाने केलं.

लग्न शुक्रवारी, गोरज मुहूर्तावर. गाई धूळ उडवत घरी येण्याची ही वेळ. कतारमधल्या गाई वातानुकूलित गोठ्यात राहतात आणि धूळ त्यांनी पाहिलेली नसते, पण गुरुजींनी त्यावर आक्षेप घेतला नाही. सकाळी विद्याने लाँड्रीचं पाकीट उघडलं. आत कडक खळीचा, कोरा, सुंदर गुत्रा होता. पोपट नव्हते.

शुक्रवारी सकाळी तिथे सगळं बंद असतं. दुपारच्या नमाजापर्यंत शहर दार लावून बसतं, म्हणून लग्नाच्या पाहुण्यांनी शुक्रवारच्या सकाळी काहीही हरवू नये. रेवा मेंदीचे हात पुढे धरून बसली होती. ती रडली नाही. तिने आधी इंग्रजीत "इट्स ओके" म्हटलं आणि मग मराठीत विचारलं, "आजीला काय सांगायचं?"

नमाजानंतर शफीक भेटला. त्याने पावत्या चाळल्या, कपाळ बडवलं आणि सांगितलं की गुत्र्यांचा तो गठ्ठा अल गराफातल्या अबू नासिर यांच्याकडे गेला. त्यांच्या बंगल्यावर फक्त ड्रायव्हर भेटला. साहेब सहकुटुंब वाळवंटात, हिवाळी तंबूत. फोन तिथे लागत नाही. तंबू मेसईदच्या पुढे. त्याने जागेची खूण फोनवर पाठवली.

"मेसईद?" प्रकाशराव एकदम उजळले. "अहो, तो माझा रोजचा रस्ता! चला, मीच येतो."

"तुम्ही नवरीचे वडील आहात."

"म्हणूनच म्हणतो, चला. इव्हेंटवाल्यांचा तो हेडसेटवाला पोरगा सकाळपासून मला चालायला शिकवतोय."

आम्ही निघालो. मांडीवर परक्याचा गुत्रा, बाजूला कारखान्यांच्या चिमण्या, पुढे एकाएकी संपणारा रस्ता आणि पिवळीधमक वाळू. खुणेच्या अलीकडेच आमची गाडी वाळूत रुतली. प्रकाशरावांनी रेस दिली तशी ती आणखी खाली बसली, दुपारी जेवण झालेल्या माणसासारखी. उरलेली वाट आम्ही लग्नाच्या बुटांनी तुडवली.

अबू नासिर तंबूच्या दारातच होते. पांढरी दाढी, मनगटावर डोळे झाकणारी चामडी टोपी घातलेला ससाणा. प्रकाशरावांनी सलाम करून सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "बैठो, बैठो. पहले गहवा."

गहवा म्हणजे वेलदोड्याची फिकी कॉफी. फिंजान नावाच्या बिनकानाच्या इवल्या कपात देतात. मी संपवून कप अदबीने पुढे केला, त्यांच्या मुलाने तो भरला. पुन्हा संपवला, पुन्हा भरला. "पुरे" म्हणून वर हात धरला, तर त्याने खजूर ठेवला. बाहेर सावल्या लांबत होत्या.

"अहो, कप हलवा!" प्रकाशराव दातांतून म्हणाले. "हलवला नाही तर रात्रभर ओततील."

मी असा हलवला की हातातून निसटला. सगळे हसले, आणि आग्रहात पंगतीतल्या आपल्या वाढप्यांना हरवणारी माणसं या जगात आहेत हे मी मान्य केलं.

"वो कपड़ा?" अबू नासिर म्हणाले. "दो सक़्र वाला?" सक़्र म्हणजे ससाणा. "जिसने बनाया, उसने सक़्र कभी देखा नहीं. लेकिन दिल अच्छा है." आणि त्यांनी तंबूच्या आतल्या बाजूला बोट केलं.

पुरुषांची मजलिस (बैठक) आणि आतला बायकांचा भाग यांच्यामध्ये, दोरीवर, आईचा अंतरपाट टांगला होता. वाऱ्याने हलत होता. पलीकडून बायकांचं हसणं आणि भांड्यांचा आवाज येत होता. त्याला इथे कोणी काही शिकवलं नव्हतं, तरी तो आपलं काम चोख करत होता.

प्रकाशरावांनी सगळं सांगितलं. लग्न, मुहूर्त, हे कापड मध्ये धरतात आणि मंत्र संपले की बाजूला करतात. म्हाताऱ्याने विचारलं, "हटा देते हैं? फ़ौरन? हमारे यहाँ तो शादी में औरतों का हॉल ही अलग होता है." मग हात झटकून म्हणाले, "यल्ला!" म्हणजे चला.

पण पडदा काढायचा तर आतल्या बायका उघड्यावर येणार. मी मांडीवरचा गुत्रा पुढे केला. अबू नासिर माझ्याकडे बघतच राहिले आणि मोठ्याने हसले. आम्ही दोघांनी पाठ फिरवली, मागे कुजबुज आणि खुदखुद झाली, आणि वळलो तेव्हा दोरीवर गुत्रा होता आणि माझ्या हातात पोपट. आतून एका बाईच्या आवाजात काहीतरी आलं. "मुलगी सुखी राहो म्हणतेय," प्रकाशराव म्हणाले आणि उगीच चष्मा पुसू लागले.

आमची गाडी वाळूतून काढायला वेळ नव्हता. अबू नासिरांनी स्वतःची काढली. मुलगा चालवायला, ते पुढे, आम्ही मागे आणि आमच्या दोघांच्या मध्ये ससाणा. "ये अकेला नहीं रहता," ते म्हणाले. उंचवट्यांवरून गाडी अशी उडत होती की मी अंतरपाट छातीशी धरून सगळ्या देवांची नावं घेतली. ससाणा मात्र ढिम्म होता.

हॉटेलच्या दारात सनईचं रेकॉर्डिंग चालू होतं. धुळीने माखलेल्या गाडीतून आधी अबू नासिर उतरले, मग बुटांत वाळू घेऊन नवरीचे वडील. त्यांच्या मनगटावर ससाणा, कारण म्हातारा गाडीतून काठी काढत होता. शेवटी मी. हेडसेटवाला पोरगा पांढरा पडला.

"सर, बर्ड सिक्वेन्समध्ये आहे का?"

"आहे," मी म्हणालो. "धूर सोडा."

त्याने खरंच सोडला. धूर खाऊन आम्ही खोकत आत शिरलो आणि सबंध दालन उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. थाटामाटाबद्दल मी जे काही आजवर बोललो आहे, ते त्या क्षणापुरतं मी मागे घेतलं.

दाराजवळ रेवाने माझ्या हातातलं कापड बघितलं. तिने मला घट्ट धरलं. मी तिला बोहल्यापाशी नेलं. अंतरपाट धरला गेला तशी त्याच्या घडीतून बारीक वाळू नवरामुलाच्या पायांवर पडली. मेथी, वेलदोडा आणि शेकोटीचा एकत्र वास आला. मंगलाष्टका सुरू झाल्या. विद्याने फोन पुढे धरला आणि नाशिकहून आईचा आवाज सगळ्या दालनाने ऐकला, "दिसले! दिसले! माझे पोपट दिसले!"

अबू नासिरांनी प्रकाशरावांना अर्थ विचारला. ऐकल्यावर त्यांनी त्या दोन पक्ष्यांकडे बराच वेळ पाहिलं, मग फोनमधल्या म्हातारीकडे, आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "माशाल्ला. बहुत बड़ा तोता."

अक्षता पडल्या, कापड बाजूला झालं आणि रेवाला नवरा दिसला. गेली दोन वर्षं ती त्याला रोज ऑफिसात बघत होती, तरी लाजली.

परत आल्यावर आईसमोर अंतरपाट उलगडला तेव्हा तिच्या मांडीवर चिमूटभर कतार सांडलं. मी सगळं सांगितलं, लोणच्यासकट. सुनंदाने ते कापड धुवायला मागितलं, आईने दिलं नाही. तिने माझ्या फोनमध्ये ससाण्याचा फोटो मोठा करून बघितला, चोच बराच वेळ न्याहाळली. मग म्हणाली, "सुनंदा, सुईत तांबडा दोरा ओवून दे बरं."

"आता कशाला?"

"एकाची चोच वाकडी करते. पाहुण्याने एवढं मन राखलं, आपण नको का राखायला?" आणि दुसऱ्या पक्ष्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा मात्र पोपटच राहील."