अळंबीची चौथी जात

आंदर मावळात आमच्या गावी कुणालाही अळंबी सापडली की टोपली आधी माझ्या ओट्यावर यायची. मी निवडून दिली की मगच चुलीवर. शाळा मी दुसरीत सोडली, पण अळंबीत माझा शब्द शेवटचा. वारुळावरची, शेणातली, लाकडावरची आणि केसाळ, अशा चार जाती मीच ठरवल्या होत्या. केसाळ म्हणजे टोपीवर पांढरी लव असलेली. ती विषारी, म्हणून मी फेकायला लावायचो.

वाडीवरची एक म्हातारी ठाकरीण तेवढी कुरकुरायची. "भाऊ, ही येगळी न्हाई. वारुळावरचीच हाय, बुरशी लागलीया तिला."

मी तिला गप्प करायचो.

दुसऱ्या जर्मन लढाईच्या आधी एका पावसाळ्यात पुण्याच्या कॉलेजातले एक मास्तर अळंब्या गोळा करायला चिखल तुडवत आले. लोकांनी माझ्याकडंच आणले, दुसरीकडं कुठं नेणार? ओट्यापुढं गाव जमलं. मी रुबाबात चौथी जात त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी भिंग लावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ही चौथी नाही, तुमची पहिलीच. हिच्या अंगावर दुसरी बुरशी जगतेय, हिलाच खाऊन."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. ते गावानं पाहिलं.

मी सोडतो होय? म्हटलं, "मग त्या खाणारीची जात सांगा."

"अळंबी काय, ती काय, दोघी बुरशीच. मूळपुरुष एक, फार मागं वाटण्या झाल्या."

"म्हंजी भाऊबंद!"

"हो, पण फार लांबचे. काही मात्र अगदी जवळच्यालाही खातात."

"त्यात काय नवल, सायेब?"

लोक हसले. जरा बरं वाटलं.

मास्तरांनी ती पाकिटात घातली, वर नाव लिहिलं, खोडलं, दुसरं लिहिलं, तेही खोडलं. म्हणाले, ह्या खाणारीला कुठल्या शाखेत बसवायचं यावरून त्यांचं नि त्यांच्या गुरुजींचं बोलणं बंद आहे. एवढं शिकून ही गत! माझ्या चारही जाती एका सकाळीत ठरल्या होत्या.

पण गावाला त्याचं काय? दुसऱ्या दिवसापासून ओटा रिकामा. टोपल्या सगळ्या वाडीवर, म्हातारीच्या दारात. चार दिवस मी अळंबी खाल्लीच नाही. पाचव्या दिवशी टोपली घोंगडीखाली धरून गेलो.

"बसा भाऊ," म्हातारी निवडत म्हणाली. "ह्या चांगल्या. आन ही तुमची चवथी जात."

"तिचं काय करायचं?"

"फेकायची. आनखी काय?"

मग इतकी वर्षं मी दुसरं काय सांगत होतो?