अकरा वारांचा बस्ता

सोलापूरहून निघताना माझ्या पिशवीत शेंगाचटणीचा डबा होता, कडक भाकऱ्या होत्या आणि नलूसाठी जमवून ठेवलेल्या चार शिव्या होत्या. नलू म्हणजे नलिनी, माझी शिवणक्लासपासूनची मैत्रीण. लग्न होऊन ती नाशिकला गेली आणि कॉलेज रोडला लागून असलेल्या एका गल्लीतल्या सासूच्या कापडदुकानाचं तिने बुटीक केलं. साड्या, ड्रेस, ब्लाउज शिवून देणं, सगळं एकाच छपराखाली. मी इकडे सोलापुरात शिलाईमशीनवरच राहिले. तर त्या नलूचा फोन आला, "शोभा, दुकान बंद करतेय. आवराआवरीला येतेस का?" पापड लाटायला बोलवावं, इतक्या सहज!

दिवसाच्या गाडीने निघाले. नगर गेलं, संगमनेर गेलं, सिन्नर मागे पडलं तसं ऊन कलायला लागलं आणि नाशिकरोडच्या अलीकडे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुरांडी दिसू लागली. शेजारी बसलेल्या बाईंनी न विचारताच सांगितलं, "ती दिसली की समजायचं, आलं घर." आमच्या सोलापुरात पंखा लावून झोपायचे दिवस आले होते आणि इथे गाडीतून उतरल्याबरोबर मला शाल काढावी लागली. नाशिकच्या थंडीचं कौतुक ऐकून होते, पण ती अशी दारातच गळ्यात पडेल असं वाटलं नव्हतं.

नलूचं दुकान पाहिलं आणि मग दुकानाच्या समोर पाहिलं. समोर दोन मजली काच. देशभर शाखा असलेल्या कंपनीचं नवं कोरं दुकान. दारात आपोआप उघडणारा दरवाजा, आत उभ्या केलेल्या पुतळ्यांच्या अंगावर गाऊन आणि लेहंगे, आणि सगळ्यावर पांढरा झगमगाट. इकडे नलूच्या दोन पायऱ्या, सतरंजी, भिंतीला लाकडी फडताळं. काचेत नलूच्या दुकानाचं प्रतिबिंब दिसायचं, तेही लहानसं.

"कॉलेजच्या मुली सगळ्या तिकडे गेल्या," नलू म्हणाली. "पण त्याचं मला काही नाही. कळवणकरही चालले."

हे कळवणकर कोण ते सांगते. कळवण तालुक्यातल्या एका गावचं मोठं खटलं. त्यांच्या घरातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता (वऱ्हाडातल्या सगळ्यांची मानपानाची कापडखरेदी, दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून करायची) नलूकडे व्हायचा. नलूची सासू दुकान चालवायची तेव्हापासूनची ही वहिवाट. लग्नसराईतला तिचा पहिला बस्ता त्यांचाच, आणि त्यांचं बघून आजूबाजूची गावं यायची. यंदा घरातली प्रियंका नवरी. ती नाशिकलाच एका लॅबमध्ये नोकरी करते, रोज त्या काचेवरून जाते-येते. तिने हट्ट धरला की बस्ता समोरच्या दुकानात. नलूने त्या दिवशीच ठरवलं की हे गिऱ्हाईकही जाणार असेल तर आपणही जावं. रविवारी संध्याकाळी जागेच्या मालकाला तसं सांगायचं होतं.

शनिवारी मी हेरगिरीला समोर गेले. खोटं कशाला बोलू, दुकान छान होतं. गार हवा, कुणी मागे मागे करत नाही, कपडा हवा तितका वेळ न्याहाळा. सोनल नावाच्या मुलीने मला एक निळा कुर्ता दाखवला. तो असा चपखल बसला की मी शिवलेला बसत नाही. मी तो घेतला. नलूला दाखवला नाही, पिशवीच्या तळाशी घातला.

"तू कुठली गं?" मी सोनलला विचारलं.

"एकलहऱ्याची. पप्पा पॉवर स्टेशनला आहेत." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही नलूकाकूंकडे आलात ना? माझ्या आईचे सगळे ब्लाउज त्याच शिवतात. आम्ही गेल्यावर त्या आधी चहा विचारतात."

रविवारी सकाळी नलूने मला मिसळ खायला नेलं. नाशिकची मिसळ! सोबत पापड, दही आणि वर जिलबी. मिसळीबरोबर जिलबी खाणाऱ्या गावाचा मला आधी संशय आला, पण तिसऱ्या घासानंतर मी तो मागे घेतला. नलू मात्र पाव कुस्करत बसली होती.

परत येऊन मी कामाला लागले. रंगाऱ्याकडून पाटी आणली होती, पांढऱ्यावर लाल अक्षरं, "दुकान कायमचे बंद आहे". ती दाराशी टेकवली. जुना माल उचलणारा एक व्यापारी मीच शोधला होता, दुपारी त्याचा टेम्पो येणार होता. न खपलेलं एकेक काढून मी गाठोडं बांधत होते. त्यात एक हिरवी, लाल काठांची भलीमोठी घडी हाताला लागली. ही मीच आमच्या सोलापूरच्या मागवाल्याकडून सलग विणून घेऊन पाठवलेली. सप्तशृंगीच्या देवीला नेसवायची अकरा वारी साडी. देवीची मूर्ती एवढी मोठी की तिला आपली साडी पुरत नाही. अशी साडी नलूकडून कळवणकरच नेत. म्हटलं, कळवणकर समोर चालले, आता हिला ठेवून करायचं काय? टाकली गाठोड्यात.

जरा वेळाने दोन जीपा येऊन समोर थांबल्या. बायका, बाप्ये, नवऱ्याकडची माणसं, सगळी उतरली. सगळ्यांत पुढे एक ठेंगणी, ताठ, नऊवारीतली म्हातारी. ती मात्र समोर न जाता नलूच्या पायऱ्या चढली. नवरीची आत्या, शेवंताबाई. या घरातल्या बस्त्याची मुखत्यारी तिच्याकडे.

"नलूताई, राग नका मानू," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "पोरीचं मन हाय. एकदाच लगीन व्हतं."

"राग कसला, आत्याबाई? पोरीच्या मनासारखं होऊ द्या." नलू हसली. असं हसू मी तिच्या आईच्या तेराव्याला पाहिलं होतं. मला राग आला, त्या म्हातारीचा नाही, त्या काचेचा.

मी वऱ्हाडाच्या मागोमाग समोर घुसले. निदान बघू तरी, बस्ता कसा करतात ते.

बस्ता बसून करायचा असतो. तिथे बसायला दोन गोल स्टुलं. शेवंताबाईंनी इकडे-तिकडे पाहिलं आणि गुळगुळीत फरशीवर सरळ मांडी घातली. त्या बसल्या म्हणून बाकीच्याही बसल्या. गाऊन घातलेल्या पुतळ्याच्या पायाशी पंधरा-वीस बायकांचा गोल पडला. सोनलचे साहेब लगबगीने आले आणि हात चोळत उभे राहिले. प्रियंका तेवढी खुशीत होती. तिने मोतिया रंगाचा एक गाऊन आधीच हेरून काचेपाशी अंगाला लावून धरला होता.

"आधी देवीची साडी काढा," शेवंताबाई म्हणाल्या. "मंग बाकीचं."

सोनलने एक चांगली हिरवी साडी आणली. शेवंताबाईंनी ती हाताने मापली आणि खाली ठेवली.

"आखूड हाय. अकरा वार पाहिजे."

"मावशी, साड्या सगळ्या एकाच मापाच्या येतात," साहेब म्हणाले. "हवं तर दोन घ्या ना. दोनवर सूट आहे."

नवऱ्याच्या आईने पदर सावरला.

"साहेब, जोड दिलेली साडी नाय चालत देवीला," शेवंताबाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्यात बस्त्याचं पहिलं कापड गडावरच्या आईचं. त्याच्याआधी एक रुमाल सुदिक घेत नाय आम्ही."

"आत्या, देवीची नंतर घेऊ ना कुठूनतरी," प्रियंका काकुळतीला आली.

"मंग लगीन बी नंतर करू."

नवऱ्याची आई म्हणाली, "बरोबर हाय विहिणीचं." प्रियंकाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं मोठं दुकान, सगळं असेल, असंच सगळ्यांनी धरलं होतं. देवीची साडी कुठून येते याचा विचार कुणाला करावा लागला नव्हता, कारण ती नेहमी नलूच्या फडताळातून येत होती.

साहेब फोन लावायला बाजूला गेले आणि सोनल हळूच म्हणाली, "समोर मिळेल. नलूकाकूंकडे."

मला दरदरून घाम फुटला. त्या गारव्यात! काचेतून समोर पाहिलं तर टेम्पो लागलेला, आणि एक माणूस माझं गाठोडं उचलून मागे ठेवतोय.

मी कशी धावले ते मला विचारू नका. दरवाजा आपोआप उघडेपर्यंत दम निघेना, त्याला खांद्यानेच ढकलला. मधला रस्ता ओलांडला, टेम्पोत चढले आणि गाठोड्यावर बसकण मारली.

"ओ मावशी, सौदा झालाय!"

"मोडला!" मी ओरडले. "नलू, कात्री आण!"

नलूला वाटलं मला वेड लागलं. पण मागोमाग शेवंताबाई रस्ता ओलांडताना दिसल्या, त्यांच्यामागे सगळं वऱ्हाड, आणि तिला कळलं. ती कात्री घेऊन आली. गाठ मीच कापली.

त्यानंतरची दुपार मी आयुष्यभर विसरणार नाही. सतरंजी अंथरली, हळदकुंकू आलं, शेवंताबाईंनी घडीला कुंकू लावलं. मग साडी उलगडायची, डाग बघायला. पण अकरा वार त्या दुकानात मावतात थोडीच! एक पदर शेवंताबाईंच्या मांडीवर, दुसरा धरून दोघी बायका पायऱ्या उतरल्या, उतरून रस्त्यावर गेल्या, तरी साडी संपेना. दोन्हीकडचे स्कूटरवाले थांबले. कुणी हॉर्न वाजवला नाही. एका कॉलेजच्या मुलीने फोटो काढला. हिरव्या रंगावर ऊन पडलं होतं, लाल काठ चमकत होते, आणि समोरच्या काचेत आता ती साडी दिसत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"झकास हाय!" शेवंताबाई म्हणाल्या. "नलूताई, काढा आता बाकीचं."

मग बस्ता रंगला. मामीची साडी, करवलीची, विहिणीची, काकवांच्या, आजेसासूची. आवडनिवड, रुसवे, चहाचे पेले. नलू कुणाच्या खांद्यावर कुठला रंग टाकायचा ते न विचारता टाकत होती आणि तिचा आवाज परत आला होता, खणखणीत. प्रियंका मात्र कोपऱ्यात बसून होती. नलूने तिला जवळ बोलावलं.

"तो मोतिया गाऊन आवडलाय ना तुला? जा, घेऊन ये. खांद्यात ढिला होता, मी इथून पाहिलं. चार दिवसांत चापून देते. रिसेप्शनला तोच घाल."

"तुम्हाला चालेल?" प्रियंकाने विचारलं.

"अगं, मला काय! दुकानं दोन आहेत, नवरी एकच."

पोरगी धावत रस्ता ओलांडून गेली. मी तेव्हाच माझा निळा कुर्ता पिशवीतून काढला आणि सगळ्यांसमोर दाखवला. नलूने त्याची शिवण उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "बरा आहे. बाह्यांत कंजुसी केलीय." मग आम्ही दोघी हसत सुटलो, शिवणक्लासमध्ये हसायचो तशा.

संध्याकाळी मालकाचा फोन आला. नलूने तो माझ्यासमोरच घेतला. "चालू ठेवतेय," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. ठेवल्यावर मात्र रडली. मीही.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंनी आम्हा दोघींना गडावर नेलंच. दिंडोरीच्या बाजूने रस्ता जातो. दोन्ही अंगांनी द्राक्षांचे मांडव, घडांवर कागद बांधणाऱ्या बायका, मग वणी, आणि मग एकदम समोर उभा राहिलेला डोंगर. गाभाऱ्यापुढे गर्दीत उभं राहून आम्ही पाहिलं. शेंदरी मूर्ती, अठरा हात, आणि तिच्या अंगावर आमच्या सोलापूरच्या मागावरची हिरवी साडी चढत होती. पुरली, अगदी बेताची पुरली. नलूने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

परतीच्या गाडीत बसले तेव्हा नाशिकचा चिवडा पिशवीत होता आणि शिव्या तशाच परत चालल्या होत्या, द्यायला सवडच मिळाली नाही. एकलहऱ्याची धुरांडी मागे जाताना मनात येत होतं की चकचकीत दुकानाला मी नावं ठेवणार नाही. तिथला कुर्ता माझ्या अंगातच होता. पण माणसं कपडे घ्यायला येतात तेव्हा घरातली सगळी माणसं, आणि देवही, बरोबर घेऊन येतात. त्या सगळ्यांना बसायला जागा नलूकडे आहे. माझ्या मैत्रिणीचा मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या अनोळखी बाईंना मी सगळी हकीकत ऐकवली, त्यांनी विचारलं नव्हतं तरी.

घरी पोचल्यावर पहिली मागवाल्याकडे गेले. अकरा वारी लावायला सांगितल्या, जमतील तितक्या. नलूने त्या पाटीची मागची बाजू रंगवून घेतली होती, "देवीची अकरा वारी साडी येथे मिळेल", आणि ती मुद्दाम काचेकडे तोंड करून टांगली होती.

परवा तिचा फोन आला. "शोभा, समोरचे साहेब आले होते गं. म्हणाले, बरीच गिऱ्हाइकं अकरा वारी विचारतात. आम्ही ती कुठून मिळवायची?"

"मग? काय सांगितलंस?"

"सांगितलं, समोरून."