आगाऊ पोरगी

माझी ताई चौथीत असताना, सहामाहीच्या आदल्या दिवशी, गणिताच्या तासाला तिच्यावर अन्याय झाला. गुरुजींचं उदाहरण वाचून व्हायच्या आत तिने उत्तर सांगितलं, म्हणून तिला वर्गाबाहेर बसवलं. यात काही चुकलं असं गावात कोणालाच वाटलं नाही. एक आई सोडून.

काल हातखंबा गावातून जाताना काजूबिया भाजल्याचा वास आला आणि शाळेच्या पडवीत उभी असलेली आई दिसली. कळताच काजूच्या कारखान्यातून तशीच उठून आलेली, बोटं बियांच्या तेलाने काळी. मी पहिलीत होतो, खिडकीतून बघत होतो.

"बाई, पोरगी आगाऊ आहे तुमची," गुरुजी म्हणाले.

"आगाऊ म्हंजे पुढं गेलेली ना ओ? मग पुढचं शिकवा की तिला. बाहेर कशाला बसवलंत?"

सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसत आत गेले. आई मात्र ताईशेजारी मांडी घालून बसली. "तू सांग गो. मला शिकव." तास संपेपर्यंत ताई धुळीत बोटाने आकडे काढत होती, आई मान डोलावत होती.

तेव्हा वाटलं, आईला शब्दच कळला नाही. आज वाटतं, त्या शाळेत तो फक्त तिलाच कळला होता. आई आता नाही. "तू सांग" म्हणत शेजारी बसणारं तिच्यानंतर आम्हाला कोणी भेटलं नाही.

तुमच्या पोराला शाळेत कोणी आगाऊ म्हटलं, तर घरी त्याच्यावर डोळे वटारू नका. चपला घाला आणि शाळेत जा.